विळा, चिमटा आणि थंड आग

परवा नागपूरला मावसबहिणीकडे गेले होते. ती एका इस्पितळात सीएसएसडीत काम करते. सीएसएसडी म्हणजे शस्त्रक्रियेची हत्यारं धुऊन, निर्जंतुक करून परत पाठवणारा विभाग. पेशंटला तो कधी दिसत नाही, पण तिथे चूक झाली तर भोगतो पेशंटच. जेवताना ती कौतुकाने सांगत होती, "ताई, आमच्याकडे आता प्लाझ्माचं मशीन आहे. दुर्बीण टाका, प्लास्टिक टाका, नाजूक वायरी टाका, सगळं चालतं. फक्त एक गोष्ट चालत नाही."

"काय?"

"आपला कापूस!"

दोघीही खूप हसलो. आम्ही यवतमाळच्या लेकी. माझं गाव लोहारा, यवतमाळला अगदी लागून. आता तिथे एमआयडीसी आहे, पण माझ्या लहानपणच्या आठवणीत लोहारा म्हणजे काळी माती आणि दिवाळीनंतर घरात, ओसरीवर, केसांतसुद्धा कापूसच कापूस. तो कापूस न घेणारं यंत्र निघालं, हे ऐकून आधी गंमत वाटली. रात्री झोप येईना तेव्हा मात्र आजी आठवली, आजीचा विळा आठवला, आणि त्या धाग्याला धरून जे काही वाचत गेले ते आज लिहून काढते आहे. थोडं लांबलं आहे, सांभाळून घ्या.

आजीची गोष्ट घरच्यांना माहीत आहे, पण अर्धीच. माझ्या वडिलांच्या आधी तिला एक मुलगी झाली होती. बाळंतपण घरीच, मागच्या खोलीत. जमीन शेणाने सारवलेली, नाळ कापायला घरातला विळा. मुलगी चांगली गुटगुटीत होती म्हणे. पाचवी पुजली. पाटावर तोच विळा ठेवून त्याला हळदकुंकू वाहिलं. सातव्या दिवशी बाळाने दूध ओढणं सोडलं. जबडा उघडेना. कुणी हात लावला, जरा आवाज झाला की अंग धनुष्यासारखं ताठ व्हायचं. दोन दिवसांत सगळं संपलं.

घरात निदान झालं ते असं, की पाचवीच्या पूजेत काहीतरी चुकलं, सटवाई कोपली. आणि चूक कुणाची? अर्थात बाळंतिणीची. आजीला तिच्या सासूने पुढे कित्येक वर्षं हे ऐकवलं. आजीने उलट उत्तर कधी दिलं नाही. पण पुढच्या प्रत्येक बाळंतपणात तिने एक हट्ट धरला. विळा चुलीतल्या अंगारात लाल झाल्याशिवाय आत आणायचा नाही. सुईण वैतागायची, सासू चिडायची. आजीचं एकच म्हणणं, "लोखंड अंगारात जनमते, अंगारातच पाक होते." गावाचं नावच लोहारा, तिथल्या बाईला हे कुणी वेगळं शिकवायची गरज नसावी! पुढची चारही मुलं जगली.

आता आपल्याला कळतं की तो धनुर्वात होता. या रोगाचे जंतू मातीत आणि गुराढोरांच्या, घोड्यांच्या शेणात असतात. आर्थर निकोलायर या जर्मन संशोधकाने १८८४ मध्ये मातीपासून जनावरांना धनुर्वात होतो हे दाखवलं आणि १८८९ मध्ये जपानच्या कितासातोने तो जंतू वेगळा काढला. म्हणजे आजीचं बाळ गेलं तेव्हा हे ज्ञान जगात पन्नास वर्षं जुनं होतं. ते लोहाऱ्याच्या मागच्या खोलीपर्यंत पोचलं नव्हतं, एवढंच.

हा जंतू मोठा चिवट. परिस्थिती वाईट झाली की तो स्वतःभोवती टणक कवच करून बीजासारखा पडून राहतो. याला बीजाणू म्हणतात. कोरड्या मातीत तो वर्षानुवर्षं टिकतो, उकळत्या पाण्यातही काही वेळ तग धरतो. पुसलेला, धुतलेला, चकचकीत विळा डोळ्यांना स्वच्छ दिसतो, पण हे बीजाणू त्यावर असू शकतात. नाळेच्या जखमेतून ते आत जातात आणि त्यांचं विष चढायला काही दिवस लागतात. म्हणून बाळ पहिले दोन-तीन दिवस अगदी छान दूध पितं आणि नेमकं पाचवी-सटवीच्या आसपास किंवा नंतर आजारी पडतं. विचार करा, ज्या विळ्याने रोग आत गेला त्याचीच पूजा झाली, आणि दोष गेला बाईच्या माथ्यावर!

"पाचवीला पुजलेलं" हा शब्दप्रयोग आपण किती सहज वापरतो. मी तो आता वापरत नाही.

असो. आजीचा दोष तिच्या घरापुरता राहिला. पण अगदी अशाच एका प्रसंगात एका जगप्रसिद्ध शास्त्रज्ञावर ठपका आला होता. रोग हाच, धनुर्वात. आणि ज्या प्रयोगशाळेवर बोट ठेवलं गेलं ती आपल्या मुंबईतली.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. सरकारने वाल्डेमार हाफकिन यांना बोलावलं. ओडेसात जन्मलेला हा ज्यू शास्त्रज्ञ पाश्चर यांच्या संस्थेत तयार झाला होता आणि हिंदुस्थानात कॉलऱ्याची लस टोचत फिरला होता. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका लहानशा जागेत त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला पहिल्यांदा स्वतःलाच टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांवर चाचणी झाली. १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नर हाऊसमध्ये प्लेग प्रयोगशाळा सुरू झाली आणि तिथून लाखो मात्रा देशभर जाऊ लागल्या.

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातलं मलकोवाल नावाचं खेडं (आता ते पाकिस्तानात आहे). त्या दिवशी १०७ जणांना लस टोचली. त्यातल्या १९ जणांना एकाच बाटलीतली लस मिळाली होती. बाटलीचा क्रमांक ५३-एन. काही दिवसांत त्या एकोणीसच्या एकोणीस जणांना धनुर्वात झाला आणि सगळे दगावले. बाकीच्या बाटल्यांतली लस घेतलेल्यांना काही झालं नाही.

चौकशी समिती नेमली गेली. मुंबईचे सरन्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स तिचे अध्यक्ष. हाफकिन यांनी लस जास्त प्रमाणात करता यावी म्हणून पद्धतीत बदल केला होता. आधी लसीत कार्बॉलिक ॲसिड घालत, ते बंद करून उष्णतेवर भर दिला होता. समितीचा निष्कर्ष निघाला की बाटली परळलाच दूषित झाली असावी. हाफकिन यांचं पद गेलं, नाव गेलं. लंडनला जाऊन ते वर्षानुवर्षं आपली बाजू मांडत राहिले.

त्यांची बाजू काय होती? मलकोवालला बाटलीचं बूच काढायचा चिमटा तिथल्या मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता. तो नीट निर्जंतुक न करताच त्याने बूच काढलं. शिवाय बाटली उघडल्यावर तिथल्या डॉक्टरने वास घेऊन पाहिला होता आणि त्याला काही वावगं वाटलं नव्हतं. परळला बंद केलेल्या बाटलीत धनुर्वाताचे जंतू इतके दिवस वाढले असते, तर तिला दुर्गंधी आली असती. म्हणजे जंतू आले ते त्याच दिवशी, तिथल्याच मातीतून. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आणि इतर नामवंत जंतुशास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये पत्रं लिहून हे लावून धरलं, आणि त्याच वर्षाच्या अखेरीला हाफकिन निर्दोष ठरले. ते परत हिंदुस्थानात आले, कलकत्त्याला. पण पूर्वीचा मान काही परत आला नाही. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव दिलं गेलं. आपण ज्या हाफकिन इन्स्टिट्यूटचं नाव घेतो ती हीच.

ही हकिकत वाचताना मला सारखी आजीच दिसत होती. इकडे विळा, तिकडे चिमटा. दोन्ही लोखंडाचे, दोन्हींना मातीचा संसर्ग. आणि दोन्हीकडे दिसेना असा गुन्हेगार शोधण्याऐवजी दिसणाऱ्या माणसाला धरलं गेलं. फरक एवढाच, की हाफकिन यांच्या बाटलीवर क्रमांक होता. ५३-एन. त्या क्रमांकामुळे निदान तपास करता आला, वाद घालता आला. आजीच्या विळ्याची नोंद कोण ठेवणार?

तर मुद्दा असा, की वस्तू स्वच्छ दिसणं आणि ती निर्जंतुक असणं यात मोठं अंतर आहे. हे अंतर तोडायची साधनं माणसाने एकामागून एक शोधली, आणि गंमत म्हणजे प्रत्येक नवं साधन आधीच्या साधनाच्या मर्यादेतून जन्माला आलं.

पहिली अर्थातच आग. ती बिनचूक, पण लोखंडापलीकडे कामाची नाही. मग उकळतं पाणी. आमच्या लहानपणी कंपाउंडर काका स्टोव्हवर स्टीलच्या डब्यात काचेची सिरिंज आणि सुया उकळायचे ते आठवतं? त्या बुडबुड्यांच्या आवाजानेच आम्ही भोकाड पसरायचो. पण नुसत्या उकळण्याने बीजाणू मरतीलच याची खात्री नाही. त्यासाठी दाब देऊन वाफ १२१ अंशांपर्यंत न्यावी लागते. पाश्चर यांचे सहकारी शार्ल शांबरलां यांनी १८७९ च्या सुमारास असं यंत्र केलं, तेच ऑटोक्लेव्ह. आपल्या प्रेशर कुकरचा थोरला भाऊ म्हणा. हत्यारं, कापडी चादरी, कापसाचे बोळे, सगळं त्यात पंधरा-वीस मिनिटांत निर्धोक होतं. आजही जगातल्या इस्पितळांचा कणा हेच यंत्र आहे.

पण विसाव्या शतकात प्लास्टिक आलं, दुर्बिणी आल्या, विजेवर चालणारी नाजूक उपकरणं आली. १२१ अंशांत त्यांचं भरीत व्हायचं. त्यांच्यासाठी इथिलीन ऑक्साइड हा वायू वापरात आला. काम चोख करतो, पण स्वतः विषारी, पेट घेणारा, आणि १९९४ मध्ये जागतिक कर्करोग संशोधन संस्थेने त्याला माणसात कर्करोग करणाऱ्यांच्या यादीत टाकलं. शिवाय वस्तूंत मुरलेला वायू निघून जायला तासन् तास थांबावं लागतं. म्हणजे जंतू मारायचे, पण यंत्राजवळ उभ्या राहणाऱ्या बाईच्या जिवावर? माझ्या बहिणीने तिच्या नोकरीची पहिली वर्षं त्या वायूसोबत काढली आहेत, म्हणून हा प्रश्न मला दूरचा वाटत नाही.

आणि इथे येते थंड आग, म्हणजे प्लाझ्मा.

रक्तातला प्लाझ्मा वेगळा, हा वेगळा. घन, द्रव, वायू या तीन अवस्था आपण शाळेत शिकलो. वायूला पुरेशी ऊर्जा दिली की अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटतात आणि विद्युतभारित कणांचं मिश्रण तयार होतं. ही चौथी अवस्था. १८७९ मध्ये विल्यम क्रुक्सने काचेच्या नळीत ती पाहिली आणि १९२८ मध्ये आयर्विंग लँगम्यूरने तिला प्लाझ्मा हे नाव दिलं. वीज चमकते तो प्लाझ्मा, सूर्य म्हणजे प्लाझ्मा. चुलीच्या ज्वाळेतसुद्धा थोडे विद्युतभारित कण असतात. आजीला हे सांगायला हवं होतं!

पण तो थंड कसा? घरातली जुनी ट्यूबलाईट आठवा. तिच्या आतही प्लाझ्माच असतो. आतल्या इलेक्ट्रॉनांचं तापमान दहा हजार अंशांच्या घरात, तरी नळीला हात लावला तर भाजत नाही. कारण इलेक्ट्रॉन अतिशय हलके. ते स्वतः तापून सैरावैरा पळतात, पण आजूबाजूच्या जड रेणूंना फारसं तापवू शकत नाहीत. दिवाळीत फुलबाजीच्या ठिणग्या हातावर पडल्या तरी भाजत नाही ना, काहीसं तसंच. ठिणगी प्रचंड गरम, पण जीव केवढासा.

हे तापलेले इलेक्ट्रॉन वायूच्या रेणूंवर आदळतात आणि त्यांचे तुकडे करतात. ऑक्सिजनचे सुटे अणू, हायड्रॉक्सिल, नायट्रोजनची संयुगं असे अतिशय भुकेले कण तयार होतात. समोर जंतू आला की ते त्याच्या भिंतीवर तुटून पडतात, तिला कुरतडतात, आतल्या डीएनएचे धागे तोडतात. सोबतीला थोडे अतिनील किरण. वीज बंद केली की हे कण बहुतेक लगेच एकमेकांना भेटून शांत होतात. मागे ना उष्णता, ना विष.

वायूत वीज सोडून पृष्ठभागावरचे जंतू मारण्याच्या पद्धतीचं एक पेटंट अमेरिकेत १९६८ मध्ये मेनाशी यांना मिळालं. १९९३ च्या सुमारास तिथे हायड्रोजन पेरॉक्साइड वापरणारी इस्पितळी यंत्रं विक्रीला आली. बहिणीकडचं यंत्र त्याच कुळातलं. हत्यारं आत ठेवायची, हवा उपसून घ्यायची, पेरॉक्साइडची वाफ सोडायची, ती सगळीकडे पसरली की विजेने प्लाझ्मा पेटवायचा. तापमान सुमारे ५० अंश, म्हणजे आपल्या यवतमाळच्या मे महिन्यापेक्षा थोडंसंच जास्त! साधारण तासाभरात काम होतं आणि शेवटी उरतं पाणी आणि ऑक्सिजन. अर्थात या यंत्रांत जंतू मारण्याचं बरंचसं काम पेरॉक्साइडची वाफच करते आणि उरलेलं पेरॉक्साइड मोडून टाकण्यात प्लाझ्माचा मोठा हात असतो, असं काही अभ्यासक म्हणतात. जाहिरातीत हे सांगत नाहीत.

निव्वळ प्लाझ्माचं काम पाहायचं तर पुढचं संशोधन बघावं लागतं. १९९६ मध्ये मुनीर लारौसी यांनी निर्वात पेटीशिवाय, साध्या हवेच्या दाबाखालीही प्लाझ्माने निर्जंतुकीकरण करता येतं हे मांडलं. जर्मनीत २०१३ पासून पेनासारखं एक उपकरण जखमांवर वापरायला मान्यता मिळाली आहे. मुंबईत माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत (आपल्या पिढीची यूडीसीटी) उदय अन्नपुरे, राजेंद्र देशमुख आणि सहकाऱ्यांनी थंड प्लाझ्मा धान्यावर वापरून पाहिला. २०१७ मध्ये त्यांचा एक निबंध आला तो शेंगदाण्यांवरच्या बुरशीबद्दल आणि तिच्या विषाबद्दल. शेंगदाणा भाजला जाऊ नये, पण वरची बुरशी मरावी. थंड आग हवी ती इथेच.

आता कापूस. कापूस, कागद, सुती कापड हे सगळं सेल्युलोज. ते पेरॉक्साइड शोषून घेतं. वाफ हत्यारांपर्यंत पोचण्याऐवजी कापसात मुरते, मग यंत्र चूक दाखवून थांबतं. तसंच हत्यारांवर ओल किंवा रक्ताचा थर राहिला तर त्याखालचे जंतू वाचतात. लांब अरुंद नळ्यांच्या आत पोचणंही अवघड. म्हणजे इतकं महागडं यंत्र असलं तरी आधी कुणीतरी ब्रश घेऊन हत्यारं घासावीच लागतात, आणि कापूस बापडा शांबरलांच्या वाफेतच जातो. बहीण म्हणाली, "मशीन शेवटचं काम करतं ताई. आधीचं सगळं आमच्या हातांचं."

मी तिला विचारलं, "पण जंतू खरंच मेले हे तुला कसं कळतं?"

तिने जे सांगितलं ते मला यंत्रापेक्षाही मोलाचं वाटलं. प्रत्येक फेरीची यंत्र एक चिठ्ठी छापतं. दाब किती, वेळ किती, फेरी पूर्ण झाली की नाही. पाकिटात रंग बदलणारी पट्टी असते. आणि ठरावीक वेळी जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस नावाच्या, अतिशय चिवट पण माणसाला निरुपद्रवी जंतूचे जिवंत बीजाणू मुद्दाम आत ठेवतात. फेरीनंतर ते वाढले नाहीत, तर बाकीचेही मेले असं मानायचं. पाकिटावर तारीख, फेरीचा क्रमांक, भरणाऱ्याची सही. काही बिघडलं तर मागे जाऊन पाहता येतं, की चूक नेमकी कुठे झाली.

५३-एन!

निर्जंतुकीकरणाचा इतिहास म्हणजे आग, वाफ, वायू, प्लाझ्मा असा साधनांचा इतिहास, असं मी समजत होते. आता वाटतं की तो पुराव्याचाही इतिहास आहे. दोष माणसाच्या कपाळावरून काढून विळ्याच्या पात्यावर, चिमट्याच्या टोकावर नेऊन ठेवायला शिकण्याचा. एकदा तो तिथे गेला की त्यावर उपाय करता येतो. कपाळावर असेपर्यंत फक्त रडता येतं.

आणि हे साधायला दरवेळी प्लाझ्मा लागतोच असं नाही. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातून माता आणि नवजात बाळांच्या धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं मान्य केलं. म्हणजे प्रत्येक जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागे एकाहून कमी बाळाला तो होतो. यात आपला यवतमाळ जिल्हाही आला. हे झालं गरोदरपणातल्या सुईमुळे, दवाखान्यातल्या बाळंतपणांमुळे आणि सुइणींना शिकवलेल्या साध्या स्वच्छतेमुळे. हात स्वच्छ, जागा स्वच्छ, पातं स्वच्छ, दोरा स्वच्छ, नाळ स्वच्छ. आजीच्या हट्टाची ही सरकारी आवृत्तीच म्हणायची.

आजी हे ऐकायला राहिली नाही. तिच्या सासूचाही मला आता राग येत नाही, तिला तरी कुठे काय माहीत होतं. पण घरातल्या सगळ्यांनी एकदा हे स्पष्ट वाचावं म्हणून लिहिते: ती मुलगी आजीच्या चुकीने गेली नाही. पूजा चुकली नव्हती. विळा तापवलेला नव्हता.

काकू, माळ्यावर जुन्या सामानात तो विळा अजून असेल तर मोडीत देऊ नका. पुढच्या खेपेला लोहाऱ्याला आले की घेऊन जाईन.